समोरची ओसरी

बोरी अरबच्या गाडीसाठी यवतमाळच्या स्टँडवर बायांची रांग लागली होती. निजामुद्दीन वकिलाची बायको हजराबी तोंडावर बुरखा ओढून उभी होती. नेमकी तिच्याच समोरच्या घरची वकिलीण यमुना पुढं आपल्या बहिणीशी बोलत होती.

"उद्या चौकशी आहे, अक्का. यायची वकिलीची सनद जाते आता."

"तुह्या नवऱ्यानं पक्षकार पकडायले दलाल ठेवला, मंग जाणारच."

"यायले तं काहीच माईत नाही! आपल्या घरच्या गड्याले, दामूले, स्टँडवर म्या उभं केलं. खेड्यातून आलेल्याचं गठुडं उचल अन् घरी आण, म्हटलं."

"कायले वं?"

"हजराबीच्या ओसरीवर पक्षकारांची जत्रा, अन् आमच्या ओसरीवर कुत्रं झोपते. पाहून पाहून डोळे जळाले माह्ये."

"अन् दामूनं आणलं कोणाले, तं तिच्याच बापाले!"

"निजामुद्दीनले कायदा समजत नाही, असं रस्ताभर सांगत आणलं मेल्यानं. बुढ्यानं तक्रारच ठोकली."

"मंग उद्या सांग ना, म्याच केलं म्हणून. नवरा वाचते."

"हजराबीसमोर? ते माह्यावर हासन. त्यापरीस सनद गेलेली बरी."

गाडी लागली. हजराबीनं तोंडावरचा बुरखा वर केला.

"नाही हासत वं मी. माह्या घरी इतके पक्षकार, की मालकासंग चहा प्यायले जागा नाही. तुमी दोघं रोज संध्याकाळी ओसरीवर बसून पेता, ते खिडकीतून किती सालं पाहून राह्यली मी. उद्या माह्यासंग चाल, सांगून टाक. अन् तो चहा जरा आतमंदी बसून पेत जाय."