राष्ट्रगीत नसलेली मॅच

आमच्या जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या ऑफिसात डेव्ह म्हणून एक अमेरिकन आहे, त्याचं सांगते. त्यांच्याकडे बेसबॉलच्या मॅचआधी राष्ट्रगीत होतं आणि सगळे उभे राहतात. एकदा सरकारचा निषेध म्हणून भरल्या स्टेडियममध्ये हा बसून राहिला. शेजारी वडील ताठ उभे. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं जेमतेमच.

या उन्हाळ्यात वडील पहिल्यांदाच जर्मनीत आले. डेव्ह त्यांना इथल्या बेसबॉल क्लबची मॅच बघायला घेऊन आला, मलाही बोलावलं. खेळाडू मैदानात उतरले तसे वडील उठले, टोपी काढून छातीशी धरली आणि थांबले. आता इथे क्लबच्या मॅचला कुठलं आलंय राष्ट्रगीत? लोक वळून बघायला लागले.

मी डेव्हला हळूच म्हटलं, “अरे, सांग ना त्यांना.”

तो उठला, स्वतःची टोपी काढली आणि वडिलांच्या शेजारी उभा राहिला. अंपायरने खेळ सुरू केला, तेव्हा कुठे दोघं बसले.

“गाणं लागलंच नाही,” वडील म्हणाले.

“इथे लावत नाहीत, डॅड.”

“माहीत होतं, तर तू कशाला उठलास?”

“तुम्ही एकटेच उभे होतात.”

वडिलांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “त्या दिवशी तूही एकटाच बसला होतास. माझ्या ते लक्षातच आलं नाही.”