कुंडी नंबर सतरा

नाही हो, मी कुठं म्हणतो पर्यावरण दिन साजरा करू नका? करा की! वर्षातून चारदा करा! पण त्या डब्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं? तेवीस डबे, तुम्हाला सांगतो, तेवीस! टोमॅटोच्या लगद्याचे, हरिसाच्या चटणीचे, एक तर ऑलिव्हच्या तेलाचा भला दांडगा... ओळीनं माझ्या लायब्ररीच्या खिडकीत, आणि प्रत्येकात खजुराची एकेक बी. आता तुम्ही म्हणाल, खजुराच्या गावात खजुराची बी कोण लावतं? हसा, हसा! आमचं सगळं गाव हसलं. कारण आमच्याकडं खजूर बीपासून कुणी लावतच नाही. आईझाडाच्या बुडाशी पिलं फुटतात, ती काढून लावायची, म्हणजे आई तशी लेक. बीचं काय? सात-आठ वर्षं पाणी घाला, तेव्हा कुठं कळणार नर आहे की मादी, आणि मादी निघाली तरी तिचा खजूर शेळीनं तोंडात धरून थुंकून टाकावा असला! म्हणून बी पुरत नाहीत, थुंकतात. तीच रीत.

पण हे पोरांना सांगणार कोण? गेल्या डिसेंबरातली गोष्ट. वाळवंटावरून वारा असा सुटलेला की पोरं लायब्ररीत यायची ती पुस्तकासाठी नव्हे, दाराला कडी आहे म्हणून! त्यात ही दोर्साफ, दहा वर्षांची, झाडांचं एक जुनं पुस्तक उघडून माझ्यासमोर उभी. म्हणते, "सीदी," म्हणजे आमच्याकडचं 'सर', "बीतून झाड येतं हे खरंय, का नुसतं छापलंय?" सव्वीस वर्षं मी त्या शाळेत ग्रंथपाल आहे, तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांत एकाही पोरानं मला पुस्तकातल्या गोष्टीबद्दल 'हे खरंय का' म्हणून विचारलं नव्हतं. मला काय झालं कुणास ठाऊक, म्हणालो, "लावून बघू."

झालं! दुसऱ्या दिवशी तेवीस डबे! मग मी नियम काढला. डब्याला पाणी घालायला यायचं तर झाडाला पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. झाड असो वा नसो! आणि काय सांगू... रोज मधल्या सुट्टीत रांग हो! एक वांड पोरगा आपल्या बीला शब्दकोश वाचून दाखवायचा, अलिफपासून. म्हटलं, अरे कंटाळेल ती. तर म्हणतो, "सीदी, आधी शब्द तर येऊ देत तिला!"

एप्रिलपर्यंत बहुतेकांचं काही ना काही वर आलं. दोर्साफचं नाही. आणि तिचीच बी खास होती, बरं का! तिचे आजोबा, हाज मस्ऊद, पन्नास वर्षं खजुरावर चढलेला माणूस. त्यांनी स्वतः उतरवलेल्या शेवटच्या घडातली ती बी. शेवटच्या, कारण त्याच आठवड्यात ते झाडावरून पडले, खुबा मोडला, आणि तेव्हापासून जी खाट धरली ती धरलीच. डब्याचं ऐकून आधी ते हसले म्हणे, "बीचं झाड? त्यापेक्षा उंटाला अंडी घालायला शिकव!" पण रोज संध्याकाळी पोरगी घरात शिरली की खाटेवरून आवाज, "आलं का गं?" "नाही आलं आजोबा." "येईल. खजूर घाई करत नाही."

आणि जूनच्या एक तारखेला आलं! एक हिरवी सुई, बोटाच्या पेराएवढी! पोरगी अशी धावत सुटली की एक चप्पल माझ्याच टेबलाखाली राहिली. दुसऱ्या दिवशी येऊन सांगते, "सीदी, आजोबा येणारेत! पर्यावरण दिनाच्या समारंभाला! काकाच्या गाढवगाडीतून! गादी घालून!" सहा महिने ज्या माणसानं उंबरा ओलांडला नव्हता, तो एका सुईसाठी येणार होता. हे मला माहीत होतं, बरं का. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

तर समारंभाच्या आदल्या दिवशी आमचे हेडमास्तर, सी लझार, म्हणजे लझारसाहेब, लायब्ररीत आले. खिडकीकडं बघितलं आणि कपाळाला हात! "बेशीर! हे काय? वरच्या कचेरीतून पाहुणे येतायत, सगळ्यांत हिरव्या लायब्ररीची स्पर्धा आहे, आणि तू गंजके डबे मांडून बसलायस? हरिसाचा कारखाना काढलायस काय?" म्हटलं, साहेब, पोरांनी लावलंय त्यात. "अरे, लावलंय ते दिसतंय का? डबा दिसतोय! मी नगरपालिकेच्या कुंड्या मागवल्यात. हे जरा मागच्या भिंतीशी ठेव. दोन तासांचा तर प्रश्न आहे!"

आता ह्या कुंड्या म्हणजे काय प्रकरण आहे ते ऐका. नगरपालिकेकडं चाळीसएक कुंड्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. गावात कुठंही पाहुणे यायचे म्हटलं की हम्मादी ड्रायव्हर त्या ट्रकात घालून आणतो, पाहुणे गेले की ट्रकात घालून नेतो. सकाळी दवाखाना, दुपारी पोस्ट! त्यातली सतरा नंबर, रुंद पानांचं रबराचं झाड, तिनं तर इतकी भाषणं ऐकलीत की आता हळूच एखादं करायचीच बाकी आहे. पाहुण्यांनाही माहीत असतं. तेही तिच्याकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं बघतात.

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. तुम्हाला सांगतो, तोंडापर्यंत आलं होतं. साहेब, डबे इथंच राहतील! एवढं वाक्य! पण माझ्या निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, साहेब समोर, घामाघूम, आणि मी म्हणालो, "हो साहेब." पोरांनीच डबे उचलून नेले, एकेक, छातीशी धरून. दोर्साफ सगळ्यांत शेवटी. "सीदी, आजोबा दहाला येणार. तोवर माझा डबा परत आत येईल ना?" आणि मी, मी हो, ह्या तोंडानं म्हणालो, "अगं वेडे, दोन तासांचा तर प्रश्न आहे!"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चुना! पाहुणे यायचे म्हणजे चुना हवाच. फुटपाथच्या कडेला चुना, झाडांच्या बुंध्यांना चुना, एक मांजर वेळेत हललं नाही तर त्यालाही चुना! मी आत फलक लावतोय, 'एक रोप, एक जीव', अक्षरं वाकडी आली म्हणून पुन्हा काढतोय... मागं जाऊन एकदा बघावं, एवढं सुचलं नाही.

पाहुण्या बाई आल्या. मला वाटलेलं, भाषण करतील, चहा घेतील, जातील. पण बाई भल्या निघाल्या! तिथंच घात झाला. भाषणबिषण राहू दे म्हणाल्या आणि पोरांना विचारलं, "तुम्ही स्वतः काय लावलंय?" सी लझार पुढं सरसावले, "हे काय मॅडम, हे!" आणि हात सतरा नंबरवर! तेवढ्यात दोर्साफचं बोट वर. "बाई, ती नगरपालिकेची आहे. नंबर आहे तिच्यावर. आमची मागं आहेत." सी लझारांचा चेहरा चुन्याच्या वर गेला! पण बाई हसल्या. म्हणाल्या, "चल, दाखव." आणि दोर्साफ पुढं, बाई मागं, त्यांच्यामागं आख्खी शाळा...

मागची भिंत पांढरीशुभ्र. ओली. आणि खाली काही नाही. नाही म्हणजे नाहीच हो! झाडूवाला मुकादम उभा, छाती फुगवून. "सगळा कचरा उचलला साहेब! तेवीस डबे होते. एक ठेवला नाही!"

आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरून गाढवगाडी आली. गादी घातलेली. हाज मस्ऊद वर बसलेले, अंगात पांढरा सणाचा जुब्बा. गाडी थांबायच्या आत विचारतात, "कुठंय गं?"

मी पुढं झालो. चूक माझी आहे म्हणायचं होतं मला. पण तोंडातून काय निघालं माहितीय? "हाज, दोन तासांचा..." म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. म्हणाले, "भिंत छान रंगवलीय." आणि गाडी हाकणाऱ्या दोर्साफच्या काकाला म्हणाले, चल. एवढंच. दोन शिव्या घातल्या असत्या तरी मी आज सुखानं झोपलो असतो.

दुपारी गेलो मी कचऱ्याच्या डेपोवर. लग्नातला सूट घालून, कारण समारंभाला तोच घातला होता. काठीनं ढवळत होतो, माश्या, ऊन... तेलाचा डबा सापडला, चेपलेला. हरिसाचे बरेच सापडले, पण हरिसाचे डबे आमच्या गावात कुणाचे नसतात? सुई काही सापडली नाही.

आणि स्पर्धा? पहिले आलो की! निकाल फोटोंवरून लागला, आणि फोटो सकाळीच काढून पाठवलेले. प्रशस्तिपत्र मिळालं, आणि नगरपालिकेनं अभिमानानं एक कुंडी कायमची भेट दिली. कुठली? विचारता काय! सतरा नंबर!

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली, पण मधल्या सुट्टीत आता कुणी येत नाही. दोर्साफ एकदाच आली, पुस्तक परत करायला. म्हटलं, पुन्हा लावू या का गं? तर म्हणते, "लावलंय सीदी. आजोबांच्या खाटेशेजारी." म्हटलं, आण की कधी इथं, खिडकीत ऊन चांगलं येतं. पोरगी भांडली नाही, रुसली नाही. नुसतं म्हणाली, "नको सीदी. तिथं पाहुणे येत नाहीत."

मग उरलो कोण? मी आणि सतरा नंबर. नियम म्हणजे नियम, रोज पाणी घालतो आणि एक पान वाचून दाखवतो. हसू नका! भाषणांची सवय तिला, पण गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होती बिचारी. एक नवं पानही फुटलं होतं हो तिला, माझ्या देखत! आणि परवा... परवा कसलं, होतील आता पंधरा दिवस, हम्मादी ट्रक घेऊन दारात. "बेशीरभाई, पोस्टात पाहुणे येतायत, सतरा नंबर द्या जरा. दोन तासांचा तर प्रश्न आहे!"

दिली. तुम्हाला सांगतो, स्वतः उचलून ट्रकात ठेवली. आता रोजचं पान मी खिडकीला वाचून दाखवतो.