न घासलेले नऊ नग

पुरवणी जबाब

मी, वय ६४ वर्षे, पाणीपुरवठा कार्यालयातून आवक-जावक लिपिक म्हणून सेवानिवृत्त, राहणार पाण्याच्या टाकीमागील गल्ली, दुसरा मजला. नाव माझ्या सोमवारच्या फिर्यादीत आहे तेच. आज गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी आता एकटा राहतो. माझी पत्नी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. ती सात आठवड्यांपूर्वी दवाखान्यात वारली. शिबिराला, मुक्कामाला न्यायच्या जुन्या गॅसबत्त्या आणि रॉकेलचे स्टोव्ह जमवून दुरुस्त करण्याचा तिला नाद होता. मागच्या खोलीत असे एकूण एकतीस नग होते. बॅगा व चपला दुरुस्त करणारे एक गृहस्थ दर रविवारी सकाळी येऊन तिला पंपाचे चामड्याचे वायसर कापून देत. ती त्यांना वायसरभाऊ म्हणे. मागच्या दाराची एक किल्ली तिनेच त्यांना दिली होती.

वस्तू चालू झाली की तिथेच थांबायचे, असा तिचा नियम होता. जुना रंग, डाग, काजळी ती तशीच ठेवी. मी एकदा म्हणालो होतो, "एवढी मेहनत करतेस, तर जरा चमकव तरी." त्यावर ती म्हणाली, "चमक हवी तर भांड्यांच्या दुकानात जा. आणि तुम्ही काच फोडू नका, तेवढी मदत पुरे." मी त्या खोलीत फारसा जात नसे.

ती गेल्यावर मला घरात काही काम नव्हते. नग धूळ खात पडलेले बघवेनात. मी पितळेचे पॉलिश व तारेची घासणी आणली आणि रोज जेवणानंतर चार वाजेपर्यंत घासू लागलो. तळ सर्वांत मळका असतो म्हणून नग उलटा धरून सुरुवात तळापासून करत असे. चष्म्यावर पॉलिश उडते म्हणून तो काढून ठेवत असे. तळाला काहीतरी काळपट आहे एवढे दिसे. ते निघेपर्यंत मी घासत असे. अठरा दिवसांत बावीस नग झाले.

गेल्या शनिवारी वायसरभाऊ भेटायला आले. मी त्यांना खोली दाखवली. त्यांनी एक स्टोव्ह उचलला, उलटा करून पाहिला, ठेवला. दुसरा पाहिला.

"साहेब, ताईंनी घासायला सांगितलं होतं का?"

"तिने कशाला सांगायला हवं? घर माझंही आहे."

"तसं नाही म्हणालो. उरलेले कधी घेणार?"

"सोमवारी."

ते चहा न घेता गेले. सोमवारी दुपारी मी हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत गेलो होतो. परत आलो तेव्हा न घासलेले नऊ नग जागेवर नव्हते. मागचे दार किल्लीने उघडून पुन्हा नीट लावलेले होते. मी त्याच संध्याकाळी फिर्याद दिली व संशय म्हणून त्यांचे नाव सांगितले. रागाच्या भरात, ते भंगारात विकतील असेही मी म्हणालो होतो. ते मी मागे घेतो.

काल पोलिसांना सर्व नऊ नग त्यांच्या दुकानात, जुन्या चादरीत एकेक गुंडाळलेले मिळाले. आज ते माझ्यासमोर टेबलावर मांडले. हे तुमचेच कशावरून, काही खूण आहे का, असे ठाण्यातील साहेबांनी विचारले. खूण मला सांगता आली नाही. तेव्हा साहेबांनी एक बत्ती उलटी केली. तळाला बारीक काळ्या पेनने लिहिलेले होते. मी चष्मा लावून वाचले. "पंप तेवीस. आधी भडकते, घाबरू नये." हस्ताक्षर माझ्या पत्नीचे आहे. सर्व नऊ नगांच्या तळाला असे लिहिलेले आहे. सातव्या नगावर, लहान स्टोव्हवर, असे आहे: "आवाज कमी. हे दुपारी झोपले असले की हाच लावायचा." हे म्हणजे कोण, असे साहेबांनी नोंदीसाठी विचारले. मी, असे सांगितले.

घासलेल्या बावीस नगांवर काय लिहिले होते ते मला माहीत नाही.

वायसरभाऊ बाकावर बसले होते. मी त्यांना विचारले, "शनिवारी बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "या नऊंचं सांगायचं म्हणजे त्या बावीसांचंही सांगावं लागलं असतं, साहेब. तुमच्याकडे बघून जीभ उचलली नाही."

"आणि मी केस केली तर?"

"केलीत की."

हवालदार हसले.

माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. त्यांना आजच घरी जाऊ द्यावे. त्यांचे दुकान दोन दिवस बंद आहे. दाखल झालेली फिर्याद फाडून टाकता येत नाही, कोर्टात सांगावे लागेल आणि तोवर नग मुद्देमाल म्हणून येथेच राहतील, असे साहेबांनी समजावले. मला ते समजले. कोर्टातून सुटल्यावर नग वायसरभाऊंकडे द्यावेत, माझ्याकडे देऊ नयेत. घरी बसलो की माझा हात स्वस्थ राहत नाही.

सपाट जागा म्हणून हवालदार मुद्देमालाचे लेबल तळाला चिकटवणार होते. मी त्यांचा हात धरला, त्याबद्दल माफी मागितली आहे. लेबल चिकटवू नये, दांडीला सुतळीने बांधावे, अशी माझी विनंती आहे. सुतळी मी आणून देतो.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी "चोरून नेले" असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "नेऊन ठेवले" असे केले व शेजारी मी सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे.