‘ट्रॅक’ या नोंदीचं अडलेलं उदाहरण

आदरणीय अध्यक्षमहोदय, मंचावरचे शब्दकोशाचे सल्लागार, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आमच्या संपादिका बाई, पहिल्या रांगेत मांडीवर छत्री घेऊन बसलेल्या त्यांच्या मातोश्री, आणि खुर्च्या कमी पडल्याने भिंतीला टेकलेले मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. एकेका शब्दावर महिना महिना भांडणाऱ्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे छळच की! पण आज मला राहवत नाहीये, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. बाई मुदतीआधीच निवृत्त होताहेत. का, ते सांगायचं तर ‘ट्रॅक’ या इंग्रजी शब्दाकडे जावं लागेल. घाबरू नका, व्याख्यान देत नाही.

आमच्या कोशात बाईंचा एक दंडक आहे. अर्थ टेबलाशी बसून ठरवायचा नाही. शब्द ज्याच्या तोंडी आहे त्याच्याकडे जायचं, त्याचं वाक्य आपल्या कानांनी ऐकायचं, तेच उदाहरण म्हणून छापायचं. खाली बोलणाऱ्याचा व्यवसाय द्यायचा, नाव नाही. ‘ट्रॅक’साठी आम्ही कुठे कुठे भटकलो! मैदानावरची प्रशिक्षक आमच्यादेखत ओरडली, “ए, स्वतःचा ट्रॅक सांभाळ, शेजारणीचा नको!” ध्वनिमुद्रक म्हणाला, “गाणाऱ्याचा ट्रॅक वेगळा ठेवलाय, बेसूर झाला तर तेवढाच फेकता येतो.” पार्सलच्या गोदामातले व्यवस्थापक म्हणाले, “ट्रॅक होतं म्हणजे सापडतं असं नाही हो. शेवटचं कुठे दिसलं, एवढंच कळतं. लिहा, पण आमच्या मालकांना दाखवू नका.” छापतोय, मालकांची क्षमा मागून.

अडला तो एकच अर्थ. माणसाला ट्रॅक करणं. आमचे मुद्रितशोधक म्हणाले, “पाळत ठेवणे.” मी म्हटलं, “माग काढणे.” बाई म्हणाल्या, “पाळत चोरावर ठेवतात, माग जनावराचा काढतात. आपल्या माणसाचं काय करतात?” नोंद तशीच अर्धी राहिली.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, बाईंच्या आई घरातून निघून गेल्या.

आईंना हल्ली विसर पडतो, हे सभागृहाला ठाऊक आहे. बाईंच्या भावाने, म्हणजे आपल्या दादांनी, बाईंचा विरोध डावलून आईंच्या पर्समध्ये एक ट्रॅकर टाकून ठेवला होता. आई घरचा फोन उचलेनात, तेव्हा दादांचा फोन आला, “ताई, घाबरू नकोस. मोबाइलवरचा ठिपका हललेला नाही. आई घरातच आहे.” आम्ही सगळे धावत घरी. खोल्या पाहिल्या, गच्ची पाहिली, न्हाणीघर पाहिलं. ठिपका आपल्या मतावर ठाम! शेवटी कपाट उघडलं, तर आत पर्स. फोनच्या मते आई कपाटात होत्या, हँगरला लटकून.

हसा, दादाही हसताहेत. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. बाहेर रहदारी होती, आणि आईंना स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. दादा पोलीस चौकीकडे पळाले. मी मूर्खासारखा त्या ठिपक्याकडेच बघत होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “शेवटची कुठे दिसली ते सोडा. ती निघाली कुठे असेल?”

दारामागच्या खुंटीवर छत्री नव्हती. बाहेर रखरखीत ऊन, आणि छत्रीची काडी कित्येक महिने मोडलेली. दुरुस्तीला!

पण छत्रीवाला आता उरलाय कुठे? मी गोदामाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. त्यांनी गावभर फिरणाऱ्या आपल्या माणसांना विचारलं आणि उलट फोन आला, “जुन्या बाजारात बसायचा. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. पळा!”

पळालो. काउंटरपाशी आई उभ्या. “पावती हरवली म्हणून काय झालं? छत्री माझीच आहे. कधी देताय?”

दुकानदार रडकुंडीला आलेला. “आजी, अहो, छत्री तुमच्याच हातात आहे!”

“म्हणजे मोडकीच परत देताय?”

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आई, उद्या येऊ या.”

“उद्या तरी देईल का हा?”

“नाही दिली तर परवा येऊ.”

आणि खरंच गेल्या! तेव्हापासून आई रोज छत्री घेऊन निघतात आणि बाई चार पावलं मागून चालतात. नोकरी सांभाळून हे जमेना, म्हणून हा निरोप. मी एकदा विचारलं, “बाई, अडवत का नाही?” त्यांचं उत्तर मी आजवर कार्यालयाबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. नोंद उद्या छपाईला जातेय, आणि बाईंना न दाखवता आम्ही ती...

अरे, आई उठल्या. दाराकडे निघाल्या. अध्यक्षमहोदय, सत्कारमूर्तीही उठल्या! बाई, पुष्पगुच्छ... असू दे, असू दे. दादा, दार अडवू नका. बाई, जाता जाता ऐका, मोठ्याने वाचतो. “ट्रॅक. माणसाच्या बाबतीत: मागून सोबत करणे.” हा अर्थ इंग्रजांना पटेल का, याची मला अजून धास्ती आहे. पण उदाहरण दंडकाप्रमाणे कानांनी ऐकलेलं आहे: “तिला जायचंय तिथे जाऊ दे, मी आहे मागे.” खाली व्यवसायाच्या जागी लिहिलंय, एक मुलगी.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. घाईत काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि आता उठा, चला. जरा अंतर ठेवून.