भिंत वाळूच देत नाहीत!

कुणीतरी मुद्दाम करतंय! तुम्हाला सांगते, शंभर टक्के मुद्दाम करतंय, आणि करणाऱ्याला वाटतंय की ह्या पोरीला काय कळतंय... अहो, नांदेडला राहून एम. ए. केलंय मी, तेही राज्यशास्त्रात, मला राजकारण कळणार नाही? मी कुणाचं नाव घेत नाही. पण मला सांगा, एखादी भिंत संध्याकाळी सहाला वाळून फिकट पडलेली असते आणि सकाळी दहाला कुलूप काढून बघावं तर काळीभोर, ओलीचिंब... ही आपली आपण होते का? भिंतीला काय घाम येतो? परीक्षा पोरांची आणि घाम भिंतीला?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई भिंतीशी का भांडतीये.

लोहा तालुक्यात आमचं गाव, गावात आमची वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीची एक खोली. तिच्यात मी अभ्यासिका चालवते. अकरा जणं बसतात. सात मुली, चार मुलं. पोलीस भरती, तलाठी, जे निघेल ते. घरी एका खोलीत टीव्ही, चूल आणि भांडणं, तिथं कुठं अभ्यास होतो? आणि सगळं बरं चाललेलं असताना भाद्रपदात तो पाऊस झाला. नाला फुटला, खोलीत खिडकीपर्यंत पाणी, तीन दिवस! उतरल्यावर बघते तर वीतभर गाळ, भूगोलाच्या पुस्तकात खरोखरची नदी, आणि चालू घडामोडींचे अंक एकमेकांना असे चिकटलेले की जानेवारीतला मंत्री जूनच्या मंत्र्याच्या गळ्यात. मी रडले नाही. मी म्हणाले, उभं करायचं! गाळ काढला. पुस्तकं दोरीवर वाळत घातली. भिंतींचं जुनं प्लास्टर हात लावला की भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटायचं, ते सगळं खरवडलं, आणि देवणीकडच्या मलप्पा मिस्त्रींना बोलावून पूर्वेच्या भिंतीला, जिला सगळ्यात जास्त मार बसला होता तिला, नवं प्लास्टर करून घेतलं.

मग ग्रामपंचायतीनं काय करावं? ठराव! म्हणे, महिनाअखेरपर्यंत खोली कोरडी झाली तर अभ्यासिका, नाही झाली तर सोसायटीच्या खताच्या पोत्यांना. बघा! खताला ओली खोली चालते म्हणे, पोरांना चालत नाही. हा काय ठराव झाला? आता अशा ठरावानंतर ती भिंत वाळू नये असं कुणाला वाटत असेल? मी कुणाचं नाव घेत नाही.

पंधरा दिवस झाले, भिंत ओली. वीस झाले, ओली. बाकीच्या तीन भिंती वाळून खडखडीत, ही एकटीच नव्या नवरीसारखी ओलेती! आणि ऐका, विज्ञान काय सांगतं? ओल जमिनीतून वर चढते. हिची ओल वरून खाली यायची! बरोबर माणसाच्या डोक्याच्या वर हातभर, तिथून ओघळ सुरू. मी फोटो काढले. तारखा टाकल्या. वही केली, ‘ओल-निरीक्षण’ नावाची. पंचशीला, आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी, पोलीस भरतीची, ती म्हणाली, ‘ताई, ह्याच्यावर पीएच.डी. होईल, पण लेखी परीक्षा पुढच्या महिन्यात हाय, आमी बसायचं कुठं?’ तिचं बरोबर होतं हो. ती बिचारी समाजमंदिराच्या पायरीवर बसून गणितं करायची आणि शेळी येऊन तिचे कागद खायची.

पहिला संशय मिस्त्रींवर. फोन लावला. ते मुरुडला दुसऱ्या कामावर. ‘मिस्त्री, भिंत वाळत नाही! सिमेंट कमी घातलं का? खरं सांगा!’ तिकडून आवाज, ‘यव्वा! ताई, शिमिट बराबर हाय, वाळू धुतलेली हाय. टकटक करून बघा, भिंत सोता बोलती का न्हाई ते... हॅलो? मी स्लॅबवर हाय, आवाज येत न्हाई...’ ठक्. आवाज येत नाही म्हणणाऱ्या माणसाला माझा प्रश्न मात्र बरोबर ऐकू येतो, हे कसं?

दुसरा संशय... मी कुणाचं नाव घेत नाही, पण मी सरळ सरपंचांच्या ओट्यावर गेले. किशनराव पेपर वाचत बसलेले. मी म्हणाले, ‘काका, गावातली एक मोठी व्यक्ती अभ्यासिकेची भिंत वाळू देत नाही. मी कुणाचं नाव घेत नाही.’ त्यांनी पेपर खाली केला. ‘मग माझ्याकडंच कामून बघायलीस?’ मी म्हणाले, ‘समोर तुम्हीच बसलाय म्हणून.’ ते म्हणाले, ‘अगं पोरी, मला गुडघ्यानं जिना चढवंना, मी तुझ्या भिंतीवर पाणी फेकायला येऊ व्हय? चहा घे.’ चहा दिला! निर्दोष माणूस आरोप करणाऱ्याला चहा देतो का? माझा संशय आणखी घट्ट झाला. चहा मात्र चांगला होता, आलं घातलेला.

आणि सगळ्यात चमत्कारिक वागणं नागुआत्यांचं! नागुआत्या म्हणजे अभ्यासिकेच्या शेजारच्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडं, पहाटे झाडून-पुसून घेतात, आणि सातला मजुरीला जातात, त्यामुळं आमची गाठ संध्याकाळीच. मी रोज पोटतिडकीनं सांगायची, ‘आत्या, आजही भिंत ओलीच होती हो!’ आणि त्यांचा चेहरा कसा व्हायचा माहितीये? समाधानी! ‘वली हाय ना? हं. ऱ्हाऊ दे.’ ऱ्हाऊ दे? मी म्हणाले, आत्या, हे कारस्थान आहे, कुणाजवळ बोलू नका. त्या म्हणाल्या, ‘न्हाई बा, म्या कामून बोलू?’ किती भाबडा जीव, मला वाटलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिंतीच्या मागून नळयोजनेचा पाइप जातो! तोच गळत असणार! अर्ज केला, उत्तर नाही. स्मरणपत्र दिलं, उत्तर नाही. तेव्हा मी म्हणाले, आपणच खणायचं. भरतीच्या मुलांना म्हणाले, शारीरिक चाचणीचा सराव समजा. खणला हो खड्डा! कमरेएवढा! पाइप सापडला, ठणठणीत, कोरडा... आणि मग कुदळीचा एक घाव... कुणाचा ते जाऊ द्या... फर्र्रकन कारंजं! दोन दिवस गावाला नळ नाही. वरच्या आळीला नाही, खालच्या आळीला नाही, आमच्या वस्तीला नाही. दोन दिवस आमच्या गावात संपूर्ण समता नांदली, कुणालाच पाणी नव्हतं! बाया हापशावर मला जे बोलल्या ते मी इथं सांगू शकत नाही.

पण ऐका! पुढचं ऐका! त्या दोन दिवसांत भिंत वाळली! अहो, खडखडीत! मी नाचले. सगळ्यांना हाताला धरून नेऊन दाखवली. पुरावा! पाइप बंद, भिंत कोरडी, दोन अधिक दोन चार! तिसऱ्या दिवशी नळवाल्यानं नवा जोड बसवला, पाणी सुरू झालं, आणि चौथ्या दिवशी सकाळी... ओलीचिंब! आता सांगा, नवा जोड, थेंब गळत नाही, मी खड्ड्यात उतरून हात फिरवून आले, तरी भिंत ओली. म्हणजे काय? म्हणजे हे पाइपाचं काम नाही, माणसाचं काम आहे!

महिना संपायला दोन दिवस उरलेले. पंचशीला पहाटे धावायचा सराव करते. मी म्हणाले, उद्या धावायचं नाही, दबा धरायचा. पाच वाजता आम्ही दोघी त्या खड्ड्याच्या मातीच्या ढिगाआड बसलो. मी मोबाइल तयार ठेवलेला, पुराव्याला. पंचशीला कुजबुजली, ‘ताई, सापडला तर काय कलम लागतं?’ मी म्हणाले, ‘तू भरतीची, तू सांग.’ तेवढ्यात कडी वाजली. आत बादली टेकल्याचा आवाज... आणि सपक्! सपक्! सपक्!

मी एका उडीत दारात. ‘पकडलं!’

आणि समोर कोण? नागुआत्या! लुगडं खोचलेलं, हातात पाण्याचा मग, टाचा उंचावून भिंतीवर पाणी मारतायत, देवाला अभिषेक घालावा तसं मन लावून! ‘आगं माय! मेले ना भ्यानं! कामून ओरडायलीस गं पहाटचं?’

‘आत्या, तुम्ही? तुम्ही हे काय करताय?’

‘काय म्हंजी? पिलास्टरला पानी मारायले. नवं पिलास्टर हाय, पानी न्हाई मारलं तर भेगा पडत्यात, मिस्त्री सांगून गेला. तू तवा पोरांपुढं भाषन करायली व्हतीस.’

‘अहो, पण ते सात-आठ दिवस मारायचं असतं!’

‘त्यानं मला दिस सांगितले न्हाईत. म्हनला, मावशी, मी येऊन बस म्हनूस्तोर हात थांबवू नका. त्यो कुटं आलाय अजून?’

चौतीस दिवस! रोज स्वतःच्या घरचं भरलेलं पाणी, मजुरीला जायच्या आधी, सहा-सहा बादल्या! आणि वर म्हणतात, ‘मदी दोन दिस कुन्या मेल्यानं पाइप फोडला. भिंत सुकली माजी. मला झोप न्हाई लागली, प्रिया. म्हनलं, भेग पडली तर पोरांनी कुटं बसावं? हापशावर गेले, तर पेयाचं एक कळशी मिळालं, त्ये बी अर्ध मारलं.’ पंचशीला माझ्याकडं बघत होती. मी छताकडं बघत होते. मी म्हणाले, ‘आत्या, तुमच्या घरच्या भिंतीला तर...’ तर त्या म्हणाल्या, ‘आमच्या भिंतीला कुटं पिलास्टर हाय पानी मारायला? ही तर पक्की व्हऊ दे.’

मी वही बंद केली आणि मिस्त्रींना फोन लावला. ह्या वेळी त्यांना आवाज आला. मी म्हणाले, ‘तुम्ही फक्त आत्यांना “बस” म्हणा.’ फोन आत्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं आणि बादली पालथी घातली.

शेवटच्या दिवशी खोली तपासायला पंचायत समितीचे अभियंता आले, शिवशंकर साहेब. किशनराव काठी टेकत आले, सगळी वस्ती दारात, अकरा पोरं एका रांगेत उभी, फाशीची शिक्षा ऐकायला यावं तशी. भिंत अजून खाली दमट होती. साहेबांनी बोटानं टकटक केलं, हातोडीनं ठोकलं, मग चाकूचं टोक घासून बघितलं. साहेब वळले आणि म्हणाले, ‘ही ओल आतली नाही, वरून मारलेल्या पाण्याची आहे, आठवड्यात जाईल. पण असं प्लास्टर मी तालुक्यात बघितलेलं नाही, एक भेग नाही. कुणी मारलं पाणी?’ नागुआत्या पदर तोंडाला लावून मागं सरकल्या. ‘खोली पास. मुलांना बसू द्या.’

पोरांनी जो ओरडा केला! पंचशीलानं आत्यांना उचललंच. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. तर साहेब सहज म्हणून मागच्या बाजूला गेले... आणि तिथूनच ओरडले, ‘अरे, हे काय? हा कमरेएवढा खड्डा कुणी खणला? पायाचे दगड उघडे पडलेत! आणखी एक पाऊस आला असता तर प्लास्टरसकट भिंत नाल्यात! पुराला जमलं नाही ते कोण करायला निघालं होतं? आजच्या आज भरा. अहवालात लिहावं लागेल मला, नाव सांगा.’

सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. चार हुशार मुलं तर एक पाऊल मागं सरकली, ज्यांनी माझ्याबरोबर कुदळ मारली होती ती. मी, राज्यशास्त्रात एम. ए. केलेली, ‘ओल-निरीक्षण’ची वही पाठीमागं लपवली. शेवटी किशनरावांनी घसा खाकरला, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले,

‘लिवा की साहेब... अज्ञात इसम.’