सर्व्हरवरची होडी

मालवणच्या एसटी स्टँडवर गोदूबाई आरोंद्याच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर बहीणभाऊ बोलत होते.

"खंयची होडी बंदरात इली, ता वेबसाईटवर दिसतला. पण सर्व्हर खंय ठेवतलस, सुदेश?"

"घरच्याच कॉम्प्युटरवर."

"आणि वादळात लाईट गेली तर? तेव्हाच तर घरची माणसां बघतत."

"मग अमेरिकेतलो भाड्यान घेवया गो. थंय लाईट जायना."

"म्हणजे आपल्या बाबांच्या होडयेचा नाव अमेरिकेत उजळत रवतला?"

"रातदिस."

गोदूबाई हळूच वळली.

"माझ्या झिलाची, माझ्या पोराची होडी आठ वर्सां येवक नाय रे. तिचा नाव थंय घालशीत?"

"घालतंय, आजये. सांग नाव."

गाडी लागली. गोदूबाई बसूनच राहिली आणि एकेक अक्षर सुटं करत, सावकाश सांगू लागली.