पंखा थांबेपर्यंत

माझं गाव आर्वीकडचं, वर्धा जिल्हा, आणि माझी शाळा सातवीची, हे आधीच सांगून टाकते ताई, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बाई मशिनीच्या गोष्टी सांगून राहिली म्हणजे शिकलेली असेल. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, मधात नाला, आणि माझ्यासोबत जायला कोणी नाही, तर आई म्हणाली पुरे झालं. झालं पुरे. आत क्लास चालू आहे, चार वाजता सुटेल, तोवर आपण इथे पायरीवर बसू, आतून आवाज दिला तर मला उठावं लागेल, तेवढं समजून घ्या.

लग्न होऊन भोपाळला आली. मुलगा मोठ्या सरकारी कारखान्यात आहे असं सांगितलं होतं, खोटं नव्हतं पण खरंही नव्हतं, ते कारखान्याच्या बाहेर एका ठेकेदाराच्या शेडमध्ये हेल्पर होते. आम्ही राहायचो आनंद नगरला भाड्याच्या खोलीत, आणि कारखान्याची टाऊनशिप नुसती रस्त्यावरून पाहायची, ते रुंद रस्ते, झाडं, एकसारखे क्वार्टर, बाहेर वाळत घातलेल्या साड्यासुद्धा मला एका ओळीत वाटायच्या. हिंदी येत नव्हती. पहिला महिना मी नुसती मान हलवायची, भाजीवाला म्हणाला असता की बाई तुझं घर मला दे, तर तिथेही हलवली असती.

मग रेखा झाली, आणि ती चार वर्षांची असताना रेखाच्या बाबांचा हात गेला. शेडमध्ये एक मशीन दुरुस्त करायची होती, सगळ्यांना वाटलं मेन स्विच बंद आहे, कोणी म्हणे मी बंद केला, कोणी म्हणे मला वाटलं तू केला, आणि यांनी आत हात घातला. जीव वाचला ताई, देवाची दया, पण उजव्या हातात जोर राहिला नाही. तेव्हापासून घरचा स्वैपाक तेच करतात, डाव्या हातानं पोळ्या लाटतात, पोळीचा आकार काहीही होतो, आम्ही काही बोलत नाही.

तर कमवायचं मला आलं. एका ओळखीच्या बाईनं टाऊनशिपच्या ट्रेनिंगच्या इमारतीत ठेकेदाराकडून लावून दिलं, झाडणं, खुर्च्या पुसणं, पाणी भरणं. तिथे चौबेजी होते, इलेक्ट्रिशियन, पक्के कर्मचारी, बुंदेलखंडाकडचे, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हॉलच्या दरवाज्यामागचा विजेचा बोर्ड दाखवला. म्हणाले, जो शेवटी निघेल तो मेन पाडेल, म्हणजे बंद करेल, आणि पाडताना तोंडानं बोलेल, मेन गिराया, खोलीत कुणी असो नसो. मी म्हटलं कोणी नसताना कोणाला सांगायचं, तर म्हणाले, खुद को. कारखान्यात सगळीकडे तीच रीत होती म्हणे. ताई, दुसऱ्या कोणाला ती हसण्यासारखी वाटली असती, पण माझ्या घरी तो हात होता. मला ती रीत देवळातल्या घंटीसारखी वाटली. मी रोज पाडायची, रोज बोलायची, एक दिवस चुकली नाही. हेच पुढे नडलं.

मग प्रोजेक्टर आला. त्याआधी मास्तर लोक पारदर्शक कागद ठेवून भिंतीवर दाखवायचे. हा नवा पांढरा डबा, कपाटात कुलुपात ठेवायचा, लागेल तेव्हा काढायचा. चालवायचं कोणी? चपराशी म्हणाला महाग वस्तू आहे, मी हात लावणार नाही. शिकवणारे साहेब दर आठवड्याला वेगळे. तर ट्रेनिंगचे मोठे साहेब, बंगाली होते, म्हणाले मंदाबाई रोज असते, तीच शिकेल.  नाही म्हणायची आपली जागा नव्हती, आणि खरं सांगू, आतून बरंही वाटलं. कोणीतरी माझं नाव घेऊन म्हणालं की ही शिकेल.

दुकानातून एक माणूस आला, अर्धा तास होता, घाईत. त्यानं शिकवलं ते मला अजून पाठ आहे. आधी टेबल पडद्याच्या बरोबर समोर, तिरपं नाही, नाहीतर चित्र एका बाजूनं फाकतं. डब्याचे पाय वरखाली करून उंची धरायची, मागच्या बाजूला वही-पुस्तक टेकवायचं नाही कारण तिथून गरम हवा निघते. झाकण काढायचं, मगच चालू करायचं. निळ्या टोकाची वायर कम्प्युटरला लावून तिचे दोन्ही स्क्रू हातानं पिळायचे. पुढचं गोल फिरवून अक्षर साफ करायचं. वायर चालण्याच्या वाटेवर आली तर जमिनीला टेप मारायचा, कारण साहेब लोक पडद्याकडे बघत चालतात, पायाकडे नाही. आणि चालू असताना समोरून त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, लहान मुलं आली तर त्यांना तर अजिबात बघू द्यायचं नाही. बंद करताना बटन दोनदा दाबायचं. बस, म्हणाला, हो गया, आणि मोटारसायकलवर बसून गेला. सोबत पुस्तक होतं जाडं, ते इंग्रजीत, मी त्यातली चित्रं तेवढी पाहिली.

मी दोनदा दाबायची, उजेड जायचा. आतला पंखा फिरत राहायचा, पण मला वाटायचं आपल्या घरचा पंखा नाही का, बटन बंद केलं तरी थोडा वेळ आपल्या जोरानं फिरतो, तसा. मी खुर्च्या नीट करून दरवाज्यामागे जायची आणि मेन पाडायची. पंखा गप्प व्हायचा. मेन गिराया. किती बरं वाटायचं ताई, आज पण एक दिवस नीट गेला असं वाटायचं.

काही महिन्यांत त्याचा दिवा गेला. नवा बसवला, तोही लवकर गेला. साहेब म्हणाले व्होल्टेज खराब असेल, चौबेजींनी सगळी वायर तपासली, म्हणाले साहेब लाईन ठीक आहे. तिसरा दिवा बसवला आणि दिल्लीहून पाहुणे आले होते त्या दिवशी, भर अकरा वाजता, चालू केल्यावर थोड्या वेळानं आतून फट्ट आवाज झाला. काच फुटल्याचा. मी हात पुढे केला, चौबेजींनी मागून माझा खांदा धरला, म्हणाले हात नाही, आधी सगळ्यांना बाहेर काढ, खिडक्या उघड. तो धूर चांगला नसतो म्हणे, आत पारा असतो. पाहुणे रुमाल नाकाला लावून बाहेर व्हरांड्यात, आणि मी खिडक्या उघडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मिस्त्री आला, हा वेगळा, म्हातारा, सावकाश काम करणारा. त्यानं मशीन उघडली, काच चिमट्यानं वेचली आणि विचारलं, गरम-गरम में लाइन कौन काटता है? म्हणाला दिवा विझला तरी तो तव्यासारखा तापलेला असतो, पंखा त्याच्यासाठीच फिरतो, तो आपणहून थांबेपर्यंत वीज तोडायची नसते.

ताई, रोज तोडणारी मीच होती. मी समोरच होती, हातात फडकं. साहेबांनी चौबेजींकडे पाहिलं, कारण बोर्ड त्यांच्याकडे. चौबेजी म्हणाले, मेन माझी जिम्मेदारी आहे साहेब. बस एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांना कागद मिळाला, कारण दाखवा म्हणून. त्यांच्या रिटायर व्हायला महिना राहिला होता. इतक्या वर्षांत एक कागद नाही, आणि आता हा. मी संध्याकाळी त्यांच्या सायकलजवळ गेली, म्हटलं चौबेजी, मी साहेबांकडे जाते. ते सायकलचं कुलूप काढत होते, काढतच राहिले, म्हणाले तू गप्प राहा, मी तर चाललो, माझं काय करतील, तुला तर ठेकेदार उद्या म्हणेल येऊ नको. मग म्हणाले, रेखा कितवीत आहे. मी म्हटलं आठवीत. म्हणाले, तर मग.

आठवीत होती ना ताई. माझ्या घरातली आठवीत गेलेली पहिली पोरगी. मी गप्प राहिली. रोज ठरवायची आज सांगते, आणि रोज घरी जाऊन वाकडी पोळी खायची. रेखाच्या बाबांनी विचारलं काहून जेवत नाहीस, मी त्यांना सांगितलं, तर ते आपल्या हाताकडे बघत बसले. म्हणाले, शेडमध्ये त्या दिवशी एकानंही म्हटलं नाही की माझं चुकलं. एवढंच म्हणाले, जा की नको जा काही नाही.

चौबेजींचा निरोप त्याच हॉलमध्ये झाला, दुपारी तीन वाजता. नवा दिवा बसवला होता, त्यांचे फोटो दाखवायचे ठरलं, त्यांच्या मुलानं जमवले होते, तरुणपणीचे, खांबावर चढलेले, लग्नातले. चालवायला मी. पडदे ओढले, अंधार केला. फोटो चालू होते आणि मोठे साहेब माईकवर चार शब्द बोलत होते, चांगलं बोलले, आणि मग हसत म्हणाले, जाता जाता मात्र चौबेजींनी आमचे तीन दिवे विझवले. वाईट मनानं नाही म्हणाले. सगळे हसले. चौबेजी पण हसले, हार गळ्यात, त्यांची बायको बाजूला बसली होती, तिला काही माहीत नव्हतं, ती तेवढी हसली नाही.

मी उभी झाली. काय झालं मला माहीत नाही, त्या बाईचं तोंड पाहिलं आणि उभी झाली. म्हटलं,

साहेब, दिवे मी घालवले. मेन मी पाडत होती.

 मशिनीचा पंखा तेवढा ऐकू येत होता. पडद्यावर चौबेजी खांबावर. साहेबांनी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते खुर्चीतूनच म्हणाले, साहब, सिखाया तो मैंने ही था.  साहेब मला म्हणाले, फोटो राहिलेत, ते दाखव पूर्ण. मी दाखवले. किती राहिले होते, कशाचे होते, काही आठवत नाही, बोट दाबून राहिलं एवढंच.

मग सगळे समोसे खायला व्हरांड्यात गेले. मी बटन दोनदा दाबलं. चौबेजी मागे राहिले, आणि सवयीनं सरळ दरवाज्यामागे गेले, हात मेनवर. मी म्हटलं थांबा. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी थांबा म्हटलं नव्हतं. ते थांबले. आम्ही दोघं उभे, ते हारासकट तिकडे, मी इकडे, आणि पंखा फिरून राहिला, दोन मिनिटं असतील, खूप लांब वाटली. थांबला. त्यांनी हात काढला, म्हणाले, अब तू गिरा. मी गेली, पाडला, तोंडानं बोलली, मेन गिराया. ते ऐकून मग बाहेर गेले.

काम गेलं नाही, पण ठेकेदारानं मला तिथून उचलून दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये फरशी पुसायला टाकलं, चार महिने. फिनाइलच्या वासानं डोकं दुखायचं. चौबेजींचा कागद साहेबांनी मागे घेतला, हे मला नंतर कळलं, त्या दिवशी मी खूप रडली. मग इकडे हॉलमध्ये नवीन माणसाला जमेना, चित्र वाकडं, मशिनीची हवेची जाळी साफ नाही, मशीन तापून आपोआप बंद व्हायची, तर मला परत बोलावलं. साहेब म्हणाले, जे तुला येतं ते क्रमानं लिहून बोर्डाजवळ लाव. सातवीच्या अक्षरात हिंदीत लिहिलं, चुका होत्या, त्यांनी एकही दुरुस्त केली नाही, खाली सही केली. मी त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

आता साहेब नाहीत, बदलून गेले. मशीन छताला आहे, तिच्यात तो दिवाच नाही म्हणे, नवीन इंजिनिअर मॅडम म्हणतात आंटी, आता एवढं थांबायची गरज नाही. असेल. मी थांबते. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही पहिल्यासारखं, दरवर्षी ठेका बदलला की तेच धडधडणं, नाव राहील की जाईल, इतकी वर्षं झाली तरी तेच. रेखा पॉलिटेक्निक करून इंदूरला कामाला आहे, तिच्या बाबांनी अजून गोल पोळी केली नाही. चौबेजी इथेच भोपाळात, अवधपुरीत मुलाकडे असतात, दिवाळीला फोन करतात, तब्येत विचारायच्या आधी विचारतात, पंखा रुका? मी म्हणते रुका. देव त्यांना आयुष्य देवो.

बघा, सुटला क्लास. तुम्ही पुढे व्हा ताई, गेटवर चहाची टपरी आहे तिथे बसा. मला दोन मिनिटं लागतील, मग मेन पाडून येतेच.